मंगळावरचा वारा आणि कुकडीचं पाणी

निघोज आणि टाकळी हाजी या गावांच्या मधून कुकडी वाहते. एका काठाला पारनेर तालुका, दुसऱ्या काठाला शिरूर. इथे नदीचं पात्र बेसाल्टच्या सलग पाषाणाचं आहे आणि त्या पाषाणात रांजणखळगे कोरलेले आहेत. मळगंगा देवीच्या दर्शनाला येणारे लोक ते कुतूहलानं पाहतात. खळगा कसा होतो, हे तिथेच कळतं. पुराच्या भोवऱ्यात गोटे अडकतात, एकाच जागी गरगरत राहतात आणि खडक घासत खाली जातात. भिंती वळसेदार, हात फिरवला तर गुळगुळीत. तळाशी गोल झालेले गोटे. आता अशाच झिजलेल्या खडकाचं चित्र दुसऱ्या ग्रहावरून आलं, आणि त्यात नदी कुठेच नसली, तर कोरणारा कोण म्हणायचा? वाळू घेऊन धावणारा वाराही कठीण खडकाला खाचा पाडतो, कडा तासतो, खळी करतो. माझं म्हणणं असं की नुसता आकार हा पुरेसा साक्षीदार नाही. त्या जागी वाऱ्याच्या हाताशी काय होतं आणि त्याचं काम पुसणारं कुणी होतं का, हे आधी विचारावं लागतं. मंगळावर वारा मोठा शिल्पकार ठरला तो ताकदीमुळे नव्हे, तर अब्जावधी वर्षं त्याला प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणून.

शिरूर-दौंडच्या भूमीवरून हे पडताळता येतं, कारण खडक जवळजवळ नात्यातला आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही खनिजं. मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचाच आहे. क्युरिऑसिटी यान २०१५च्या अखेरीस गेल विवरातल्या 'बॅग्नॉल्ड' नावाच्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोचलं, तेव्हा तिथल्या काळसर वाळूत हीच दोन खनिजं आणि त्यांच्या जोडीला ऑलिव्हिन सापडलं. ऑलिव्हिन पाण्यापुढे फार लवकर हार मानतं. ते अजून कणाकणानं शाबूत आहे, म्हणजे ही वाळू दीर्घकाळ कोरडी राहिली आहे. आपल्याकडे उलट झालं. दौंड पर्जन्यछायेत येतं, पाऊस बेताचा. पण लाखो वर्षांत तेवढ्या पावसानंही बेसाल्ट कुजवून त्याची चिकण काळी माती केली. ती ओली झाली की चिकटते, उन्हात भेगाळते, पण तिची टेकडी होत नाही. आषाढातला पश्चिमेचा वारा सोसाट्यानं वाहतो, पण उचलायला त्याला सुटी वाळू फारशी मिळत नाही. जी आहे ती घोड-भीमेच्या पात्रात, आणि तिची मांडणी पूर दरवर्षी बदलतो.

इथे वाऱ्यानं काहीच आणलं नाही, असं मात्र नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे आणि बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगावला ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची. ती ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर संशोधकांचा वाद आहे. पण समुद्र ओलांडून तिला इकडे आणणारा वाराच, यात वाद नाही. तरी आज ती सापडते ती नदीच्या गाळाच्या थरांत. आणली वाऱ्यानं, सांभाळली नदीनं. शिरूर-दौंडच्या दोन अंगांना असलेले हे थर दुसऱ्या ग्रहांवरच्या पुराव्याकडे कसं बघावं, हे शिकवतात.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: मंगळाची हवा इतकी विरळ, तिथे वारा वाळू हलवणार कसा? पृष्ठभागाजवळ तिची घनता आपल्या हवेच्या साधारण साठाव्या हिश्श्याइतकी. वाऱ्याचा दाब घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो. त्या हिशेबानं मंगळावरचा ताशी १०० किलोमीटरचा वारा आपल्याला ताशी १३ किलोमीटरच्या झुळकेएवढा जाणवेल. आक्षेप रास्त आहे, आणि बराच काळ अनेकांना मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या जुन्या, निपचित वाटत होत्या. पण वाळूचं चलन नुसत्या वाऱ्यावर चालत नाही. वाळूचे अभ्यासक राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९४१च्या ग्रंथात दाखवलं की उडालेला कण खाली आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. मंगळावर गुरुत्व कमी, म्हणून उडी लांब आणि धडक जोरकस. संशोधक जॅस्पर कॉक यांच्या २०१०च्या गणितानुसार, तिथे वाळू एकदा उडू लागली की सुरुवातीला लागलेल्या वेगाच्या सुमारे दहाव्या भागातही उडत राहू शकते. मग २०१२ मध्ये मंगळावरच्या निली पातेरा भागातल्या टेकड्यांची काही काळाच्या अंतरानं घेतलेली चित्रं ताडून पाहिली, तेव्हा त्या सरकताना दिसल्या. वाळूवहनाचं प्रमाण अंटार्क्टिकातल्या व्हिक्टोरिया खोऱ्याच्या तोडीचं निघालं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मंगळावर एके काळी पाणी होतं. मग वाऱ्याला एवढं श्रेय का? इथे निवाडा कणाच्या आकारावर होतो. क्युरिऑसिटीला २०१२ मध्ये गेल विवरात गोलसर गोट्यांचा घट्ट झालेला थर दिसला, त्यातले काही लिंबाएवढे. एवढा गोटा मंगळाचा वारा वाहून नेऊन गोल करू शकत नाही. ती ओढ्याची सही आहे. त्याच विवरात स्टिमसन नावाच्या वालुकाश्मात मात्र बारीक वाळूचे तिरके, मोठे थर आहेत: वाऱ्यानं सरकवलेल्या टेकड्यांचे अवशेष. म्हणजे आधी पाणी, मग वारा. 'प्रतिस्पर्धी उरला नाही' हे म्हणणं त्यानं ढळत नाही, उलट त्याला कालक्रम मिळतो.

वाऱ्याच्या हाताशी काय आणि त्याला प्रतिस्पर्धी कोण, ही कसोटी खरी असेल तर ती इतरत्रही टिकली पाहिजे. शुक्राची हवा आपल्यापेक्षा पन्नास पटींहून दाट, मंद वाराही वाळू ढकलू शकेल. तरी मॅगेलन यानाच्या रडारला वाळूच्या टेकड्यांचे प्रदेश मोजकेच दिसले. खडकाचे कण करणारं पाणी तिथे नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण. शनीच्या टायटन या चंद्रावर तर मिथेनचा पाऊस पडतो, तरीही कॅसिनी यानानं तिथे टेकड्यांच्या शेकडो किलोमीटरच्या रांगा दाखवल्या. इथे माझं म्हणणं अडतं का? नाही, या रांगा विषुववृत्ताच्या कोरड्या पट्ट्यात आहेत, सरोवरं ध्रुवांकडे. एकाच गोलावर वाऱ्यानं आणि पावसानं प्रदेश वाटून घेतलेत.

हे सगळं वाचायची लिपी आपल्या काठांवर आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात प्राचीन वस्तीचं उत्खनन केलं, ते याच घोडच्या काठी. वाळूउपशानं असे काठ ढासळले की त्यांतले थरही जातात, आणि ते पुन्हा रचता येत नाहीत. शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांतल्या भूगोल-भूशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन घोड, कुकडी, भीमेचे उभे काठ मोजावेत, छायाचित्रं घ्यावीत, कणांचे नमुने जपावेत. हे काम यंदाच्या उन्हाळ्यातच सुरू करता येईल.