कुरवांची परतीची शिदोरी



शिमगा झाला. पालख्या देवळात परतल्या, चाकरमानी मुंबईला गेले. आपल्या किनाऱ्यावरचे आणखी काही पाहुणे आता निघायच्या तयारीत आहेत. दिवाळीच्या आगेमागे ते आले, थंडीभर आपल्या पुळणीवर राहिले आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांतले बहुतेक निघून जातील. त्यांना निरोप द्यायला कोणी जात नाही, कारण ते निघालेत हेच आपल्या लक्षात येत नाही. आज आपण या पक्ष्यांबद्दल बोलणार आहोत.

आपला किनारा म्हणजे बाणकोटच्या खाडीपासून दाभोळच्या खाडीपर्यंतचा. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरुड, कर्दे, लाडघर ही सगळी आपल्या गटांची गावं. कासवांमुळे वेळास आणि आंजर्ल्याचं नाव सगळीकडे झालं. पण ज्या दिवसांत कासवांची पिल्लं समुद्राकडे जातात, त्याच दिवसांत पक्षीही जायला निघतात. पुळण तीच, दिवसही तेच.

कोण कोण येतं?

हर्णे बंदरात होड्या लागल्या की वर पांढऱ्या पक्ष्यांचा कालवा सुरू होतो. ते कुरव. पर्यटक त्यांना सीगल म्हणतात. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव हे त्यांतले नेहमीचे दोन. तुम्ही म्हणाल, डोकं तर पांढरंच दिसतं! थंडीत ते पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका असतो. पण आता नीट बघा. महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत हळूहळू पूर्ण डोकं गडद होतं, एखाद्या लहान मुलाला कानटोपी घालावी तसं. कानटोपी पुरी झाली की समजायचं, हा आता निघणार.

दुसरा पक्षी म्हणजे चिखल्या. पुळणीवर तुरुतुरु पळतो, थांबतो, काहीतरी टिपतो, परत पळतो. थंडीत मातकट रंगाचा हा पक्षी उन्हाळा लागला की छातीवर विटकरी रंग चढवतो. तिसरा तुतवार, खाडीच्या कडेला सारखी शेपटी वरखाली हलवत फिरणारा. चौथा कोरल. त्याची चोच लांब आणि खाली वाकलेली, विळ्यासारखी.

ही नावं पुस्तकातली आहेत. तुमच्या गावात या पक्ष्यांना दुसरं नाव असेल तर तेच वापरा आणि आम्हालाही कळवा. आजीला माहीत असलेलं नाव नातीपर्यंत पोहोचायला हवं.

जातात कुठे आणि का?

तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी घरटी करतात. आपल्या पुळणीवरच्या चिखल्यांचे भाऊबंदही लडाख-तिबेटात अंडी घालतात. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. लडाखातलं त्सो मोरीरी सरोवर साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. इथून लडाख सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे १,८०० किलोमीटर भरेल. कोरल आणि काही तुतवार याहूनही दूर, रशियाच्या बर्फाळ मुलखाकडे जातात.

उत्तरेतून मध्य आशिया ओलांडून भारतात येणाऱ्या या वाटेला जाणकार 'मध्य आशियाई उड्डाणमार्ग' म्हणतात. ती ३० देशांवरून जाते. २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगरला अशा स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठी जगभरातल्या देशांची परिषद भरली होती. म्हणजे आपल्या पुळणीवरच्या पक्ष्याची काळजी एकट्या आपल्या ग्रामपंचायतीची नाही, पण आपल्या वाटणीची आहे.

इथे समुद्र आहे, मासळी आहे, मग जायचं कशाला? कारण अंडी घालायला निवांत जागा आणि पिल्लांना भरपूर खाणं लागतं. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस खूप मोठा असतो. ध्रुवाजवळ तर काही आठवडे सूर्य मावळतच नाही. बर्फ वितळून सगळीकडे ओल होते, किडे-डास उदंड होतात. पिल्लं लवकर मोठी होतात. मात्र तिथला उन्हाळा थोड्या दिवसांचा असतो. तो संपला की पुन्हा सगळं गोठतं, आणि खाण्याच्या शोधात पक्षी आपल्याकडे येतात. आपण पेरणीचा वाफसा साधतो, तसाच हा हंगाम त्यांना साधावा लागतो. उशिरा पोहोचलं तर त्या वर्षाची पिल्लं हातची जाऊ शकतात.

निघायची वेळ त्यांना मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून कळते. दिवस वाढू लागला की अंगात बदल होतात, रंग चढतो, भूक वाढते. वाट शोधायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व कामी येतं.

शिदोरी अंगातच

आता आपल्याशी जोडलेली गोष्ट. प्रवासाला निघताना आपण भाकरी बांधून घेतो. पक्ष्याला पिशवी नाही. त्याची शिदोरी म्हणजे अंगावर साठवलेली चरबी. लांब जाणारे काही किनारी पक्षी निघण्याआधी दीडपट, काही तर जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. २०२२ च्या ऑक्टोबरात पाणटिवळ्यांच्या जातीतला एक पक्षी अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोहोचला. अंतर सुमारे १३,५६० किलोमीटर, दिवस अकरा. पक्ष्याच्या अंगावरच्या यंत्रामुळे हे मोजता आलं. वाटेत घास नाही, घोट नाही. सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर.

आपले पक्षी ही शिदोरी बांधतात फाल्गुन-चैत्रात, आपल्या पुळणीवर आणि खाडीच्या चिखलात. ज्या चिखलात आपण सुकतीला तिसऱ्या आणि मुळे काढायला उतरतो, तिथेच. त्यांचं आपलं भांडण होत नाही, कारण चोची वेगवेगळ्या. चिखल्याची चोच आखूड, तो वरवरचं टिपतो. तुतवाराची थोडी लांब, तो जरा आतलं काढतो. कोरलाची सगळ्यांत लांब, तो खोल बिळातले किडे आणि लहान खेकडे ओढून काढतो. स्वयंपाकघरात चमचा, पळी आणि चिमटा असतो तसं. एकाच चिखलावर सगळ्यांचं भागतं.

पण त्यांना खायला वेळ थोडा मिळतो. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, ताट उचललं जातं. पुळणीवर उभ्या थव्यात कोणी गाडी घातली, कुत्री मागे लागली, किंवा फोटोसाठी पोरांनी थवा उडवला, तर त्यांचं खाणं थांबतं आणि उडण्यात साठवलेली चरबी खर्च होते. एकदा उडवलं तर फारसं बिघडत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीस वेळा उडवलं, तर शिदोरी रिकामी होत जाते.

गाठ्यांचा प्रश्न

आमच्या एका बैठकीत यावरून बरीच चर्चा झाली. होडीतून फिरायला येणारी माणसं कुरवांना गाठ्या आणि वेफर्स टाकतात. पक्षी झेपावतात, फोटो छान येतो. गाठ्यांच्या लहान पुड्या करून गटाने विकाव्यात, असा विचार पुढे आला. एक वहिनी म्हणाल्या, "पाहुणा मागतोच आहे. आपण नाही दिल्या तर शेजारचा देईल. मग आपली कमाई का सोडायची?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या घरात पावसाळ्याचे चार महिने हातात पैसा नसतो, तिथे रोजची विक्री मोठी असते. पण दुसऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, लेक सासरी निघाली तर तिला आपण गाठ्यांवर धाडतो का? चार घास पोटभर जेवूनच पाठवतो ना?" तळलेल्या पिठाने पक्ष्याचं पोट भरल्यासारखं होतं, पण मासळीचं आणि किड्यांचं बळ त्यात नाही. शिवाय होडीच्या पंख्याजवळ झुंबड उडते, ती वेगळीच.

पुड्या विकायच्या नाहीत असं ठरलं. त्याऐवजी आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना सकाळी पुळणीवर पक्षी दाखवायला न्यायचं आणि परत आल्यावर घावन-चटणीचा नाश्ता द्यायचा, असं सुरू केलं. पहिली पाळी त्याच वहिनींना दिली. गाठ्यांइतकी रोजची विक्री यातून होत नाही, हे खरं आहे. बैठकीत हा विषय अजूनही निघतो, आणि निघायलाच हवा. कारण कुणाच्या घरचे पैसे कमी होत असतील तर ते सगळ्यांनी मिळून भरून काढायचे, नुसता उपदेश करायचा नाही.

कधी आणि कसं बघायचं?

यासाठी आपल्याला पुस्तक लागत नाही, तिथी लागते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास असते. म्हणजे पहाटे पाच-सहाला पूर्ण सुकती, आणि सात ते नऊ पाणी चढत असतं. पक्षी बघायची हीच वेळ. पाणी चढू लागलं की लांब पसरलेले पक्षी पुळणीच्या जवळ एकत्र येतात. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि सगळेच पक्षी काळे दिसतात. अष्टमी-नवमीला भांग असतो. तेव्हा सुकती दुपारकडे सरकते आणि सकाळचा हा मेळ जमत नाही.

दुर्बीण असेल तर छान, नसेल तरी अडत नाही. गटात एक घेतली तर आळीपाळीने वापरता येते. चालताना थव्याच्या दिशेने सरळ जाऊ नका, बाजूने जा आणि मध्येच बसून राहा. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, की आपण फार जवळ आलो असं समजायचं आणि दोन पावलं मागे यायचं. हीच खूण पाहुण्यांना शिकवा, लगेच कळते.

आणखी तीन कामं आपल्या हातातली आहेत. मासळीची घाण पुळणीवर टाकायची नाही, कारण तिच्यावर कुत्री वाढतात आणि तीच पुढे पक्ष्यांमागे लागतात, कासवांची घरटीही उकरतात. तुटक्या जाळ्यांचे तुकडे दिसले की उचलायचे, त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात. आणि पुळणीवर गाडी घालणाऱ्याला एकटीने नाही, तर चार-पाच जणींनी मिळून अडवायचं. पक्षी पकडणं किंवा मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जखमी पक्षी मिळाला तर वनरक्षकांना कळवा. पायात नंबराचं कडं असलेला मेलेला पक्षी सापडला तर नंबर, जागा आणि तारीख लिहून तीही त्यांना द्या. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अशी कडी घालते. एका कड्यावरून पक्षी कुठून कुठे गेला ते कळतं.

वहीत एक पान

बचतगटाची वही आपण पैशापैशाला नीट ठेवतो. त्याच सवयीने एक पान पक्ष्यांना द्या. तारीख, तिथी, जागा, भरती की सुकती, कोणता पक्षी, अंदाजे किती आणि काय करत होता, एवढंच लिहायचं. मोठा थवा असेल तर आधी दहा मोजा, तेवढे दहा किती वेळा बसतात ते बघा. "आज एकही कुरव दिसला नाही" हीसुद्धा नोंद आहे, कारण त्यावरूनच ते कधी गेले ते कळतं. कुणाच्या मुलीकडे चांगला मोबाइल असेल तर ईबर्ड नावाच्या मोफत ॲपवरही हे भरता येतं.

पक्ष्यांचे मोठे अभ्यासक सालिम अली यांनी शेजारच्या रायगड जिल्ह्यात, किहीमला, १९३० च्या सुमारास सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. रोज बसून बघायचं आणि लिहून ठेवायचं. त्यातून त्यांना कळलं की घरटं नर विणतो, मादी येऊन तपासते आणि पसंत पडलं तरच राहते. हे त्यांना कळलं ते एका जागी धीराने बसल्यामुळे. तो धीर आपल्या बायकांकडे पुष्कळ आहे.

वैशाखात पुळण रिकामी वाटेल. काही कोवळे पक्षी, ज्यांचं अजून घरटं करायचं वय झालेलं नाही, ते इथेच पावसाळा काढतात. तेही मोजा. पावसाच्या तोंडावर चातक येईल, त्याची तारीख लिहा. श्रावणाच्या आसपास पहिले तुतवार-चिखल्या परत दिसू लागतील आणि दिवाळीच्या सुमारास कुरव.

येत्या पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, सकाळी सात वाजता प्रत्येक गटाने आपापल्या पुळणीवर दोघींना पाठवावं. कानटोपी घातलेले कुरव किती आणि पांढऱ्या डोक्याचे किती, एवढंच मोजून आणा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला हिशेबाच्या वहीबरोबर ते पान आणायला विसरू नका. सगळ्या गावांचे आकडे एकत्र करून आम्ही ते याच कार्यक्रमात वाचून दाखवू.