‘बाँडवर लिहून घेतलंय’ म्हणजे गाडी विकली असं होत नाही

मंठाळ, बसवकल्याण, आळंद, तिकडं उमरग्यापर्यंत कुठंही जुन्या गाडीचा व्यवहार होऊ द्या, एक वाक्य कानावर येतंच: “बाँडवर लिहून घेतलंय, आता त्या गाडीशी आपला संबंध नाही.” शेतकरी म्हणतो, मास्तर म्हणतात, त्याचं एक वेळ चालेल. पण लोकांच्या पैशाचं नियोजन करून देणारे सल्लागारही हेच म्हणतात, तेव्हा डोक्याला हात लावायची वेळ येते. एसआयपी किती, टर्म विमा किती, मुलीच्या शिक्षणाला किती, सगळं त्यांनी वहीत मांडलेलं असतं. चार वर्षांपूर्वी दिलेली गाडी तेवढी त्या वहीत नसते, कारण ती ‘विकली’.

तो बाँड एकदा नीट वाचा. शंभराचा मुद्रांक, वर गाडीचा नंबर, मग चेसिस आणि इंजिन नंबर, आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: आज सायंकाळी पाच वाजल्यापासून होणारे सर्व अपघात, गुन्हे व दंड यांची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील. खाली दोन साक्षीदार. सोबत नमुना २९ आणि ३० वर सह्या, तारखेची जागा मात्र कोरी. गोम त्या कोऱ्या जागेत आहे. घेणारा तो कागद आरटीओत नेत नाही, पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत डिकीत ठेवतो.

सीमाभागात तर हे जास्तच. पुण्या-सोलापूरकडची एमएच पासिंगची गाडी इकडं स्वस्तात मिळते. ती केए करायची तर मूळ आरटीओची एनओसी आणा, कर्नाटकचा कर भरा. त्यापेक्षा “नंबर तोच राहू द्या” हे सोपं. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. ते कुणी वाचत नाही.

आता वस्तुस्थिती. कलम २(३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी कर्जावर किंवा भाडेकराराने असेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे तो, एवढाच मुख्य अपवाद. यावर वाद घालणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल पाहावा. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला आहे. त्यातली गाडी २००७ पासून एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं अशी फिरत गेली. नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये अपघात झाला, एक जीव गेला, आणि गाडीला विमा नव्हता. न्यायालयानं भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. अपघातग्रस्तानं हातोहात फिरलेल्या गाडीचे मालक शोधत बसायचं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मग बाँडचा उपयोग काय? भरपाई भरून झाल्यावर घेणाऱ्याविरुद्ध वसुलीचा दावा लावताना पुरावा म्हणून. तोवर तो सापडला पाहिजे, आणि त्याच्याकडं काही असलं पाहिजे.

“भरपाई असून असून किती असणार?” हा पुढचा प्रश्न. करू हिशोब. ३० वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा माणूस, महिना १५,००० रुपये कमाई, घरात चार जण त्याच्यावर अवलंबून. वर्षाचे १,८०,००० रुपये. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १,८९,०००. या वयाला गुणक १७. झाले ३२,१३,००० रुपये, शिवाय अंत्यसंस्कार वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि व्याज वेगळं. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांतलं आहे. एवढी रक्कम भरली नाही तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. म्हणजे गाडी दीड-दोन लाखाला दिली आणि पहाणीवरची जमीन धोक्यात आली. याला संबंध नसणं म्हणायचं?

“पण गाडीला विमा होता की!” होता, पण आज आहे का? विक्रीच्या दिवशी पॉलिसी चालू असेल तर कलम १५७ मुळं थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप नव्या मालकाकडं जातं. कायद्यानं एवढी सोय केलीय. त्या पॉलिसीची मुदत संपल्यावर नवा विमा काढायचा की नाही, हे मात्र गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो ठरवतो, आणि न काढल्याचा भुर्दंड आरसीवर नाव असलेल्याला.

घेणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडं अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या खटल्यात आरसी नावावर झाली होती, पॉलिसी झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू.

“एमएच गाडीचा विमा कर्नाटकात चालत नाही.” चालतो. पॉलिसी भारतभर लागू असते.

“क्लेम केला नाही, पैसे पाण्यात गेले.” नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो. मुदत संपून ९० दिवस उलटले की तो बुडतो.

“बोनस गाडीबरोबर जातो.” नाही, तो माणसाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरता येतं.

“गाडी चोरीला गेली तर शोरूमची किंमत मिळते.” मिळते ती पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही. चार ते पाच वर्षांच्या गाडीला नव्या गाडीच्या किमतीतून ५० टक्के घसारा धरतात.

“थर्ड पार्टी आहे, म्हणजे गाडीतले सगळे सुरक्षित.” खाजगी गाडीतल्या माणसांना संरक्षण हवं तर सर्वसमावेशक पॉलिसी लागते, निव्वळ थर्ड पार्टी पुरत नाही. हा फरक सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलाय.

“गाणगापूर, तुळजापूरला गाडी भाड्यानं दिली तर काय बिघडलं? डिझेलचे पैसे निघतात.” खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

आता सल्लागारांसाठी. गिऱ्हाइकाला “गाडी कोणती?” असं विचारू नका. “तुमच्या नावावर आजपर्यंत कोणकोणत्या गाड्या नोंदल्या गेल्या?” असं विचारा. त्यात विकलेली जीप आली, भावाला दिलेली मोटारसायकल आली, मेहुण्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढून घेतलेली गाडीही आली. प्रत्येकीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. नाव काही अक्षरं झाकून दिसतं, विम्याची मुदतही दिसते. नाव अजून तुमच्या माणसाचंच असेल तर त्याला आरटीओत पाठवा. विक्री त्याच राज्यात झाली असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. राज्याबाहेर झाली असेल तर एनओसीसह ४५ दिवस मिळतात. मुदत उलटली असली तरी जायचं, उशिराचा दंड भरायचा. गाडी अधिकृत डीलरला देणार असाल तर नमुना २९सी भरल्याची पावती घ्या. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार मग तो डीलरच मालक धरला जातो.

आणि गाडी अजून विकायचीच असेल तर शेवटच्या हप्त्यातले दहा-वीस हजार रुपये आरसी बदलेपर्यंत हातात ठेवा. घेणारा कुरकुर करेल. करू द्या. नाव बदलायला तोच तुमच्याआधी आरटीओत जाऊन उभा राहील.