सेकंदांपासून सेंटिस्टोक्सपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेलाचा दाटपणा, म्हणजेच श्यानता, घड्याळावर मोजत. इंग्लंडमध्ये बोव्हर्टन रेडवुड यांच्या उपकरणातून ५० घनसेंटिमीटर तेल खाली उतरायला किती सेकंद लागतात ते पाहत. अमेरिकेत सेबोल्टच्या उपकरणातून ६० घनसेंटिमीटर तेल सोडत. जर्मनीत कार्ल एंग्लर यांच्या पद्धतीत २०० घनसेंटिमीटर तेलाच्या वेळेला तेवढ्याच पाण्याच्या वेळेने भागून ‘अंश’ काढत. एकाच पिंपातल्या तेलाला तीन देशांत तीन आकडे मिळायचे.

बरे, नुसत्या गुणाकाराने एकातून दुसरा आकडा निघावा, तेही नाही. सेबोल्टचे ४० सेकंद म्हणजे आजच्या एककात सुमारे ४.३ सेंटिस्टोक्स, पण २०० सेकंद म्हणजे सुमारे ४३. वेळ पाचपट, श्यानता मात्र दहापट! कारण उपकरणाची नळी आखूड असते. पातळ तेल तिच्यातून वेगाने सुटते आणि त्याच्या वजनाचा मोठा वाटा घर्षणाऐवजी त्या वेगावर खर्च होतो. म्हणून रूपांतराची जाड कोष्टके आली आणि ती कित्येक पिढ्या प्रयोगशाळांच्या टेबलांवर राहिली.

यातून सुटका करणारे एकक जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्या नावाने आले. द्रवांच्या घर्षणावरचा त्यांचा पायाभूत निबंध १८४५ चा. श्यानतेला घनतेने भागले की कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी मिळते आणि तिचे माप निघते क्षेत्रफळ भागिले वेळ. एक स्टोक्स म्हणजे सेकंदाला एक चौरस सेंटिमीटर. त्याचा शंभरावा भाग सेंटिस्टोक्स, म्हणजेच सेकंदाला एक चौरस मिलिमीटर. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची किंमत जवळजवळ नेमकी १ सेंटिस्टोक्स येते. हवेची मात्र सुमारे १५, कारण हवेची श्यानता कमी असली तरी घनता त्याहून कितीतरी कमी आहे.

या एककाचे खरे सामर्थ्य मला दिसते ते १९३५ मध्ये. नॉर्मन हॅस्केल यांनी त्या वर्षी स्कँडिनेव्हियाची जमीन अभ्यासली. हिमयुगातला बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली, तरी ओझे उतरलेली ती जमीन अजून वर येते आहे. बॉथनियाच्या आखाताच्या उत्तरेस तिचा वेग वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर आहे. जुन्या किनाऱ्यांच्या खुणांवरून हॅस्केल यांनी भूकवचाखालच्या थराची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी काढली. ती आली तीनावर एकवीस शून्ये, इतके स्टोक्स. दहा हजारांनी भागा, तीनावर सतरा शून्ये इतके चौरस मीटर प्रति सेकंद. शंभराने गुणा, तीनावर तेवीस शून्ये इतके सेंटिस्टोक्स. चौरस मीटरचे चौरस मिलिमीटर करताना हजाराने नव्हे, दहा लाखांनी गुणायचे असते. घाईत पुष्कळांचा हात इथेच चुकतो आणि तीन शून्ये हरवतात.

रेडवुडचे भांडे आणि स्कँडिनेव्हियाची भूमी यांच्यातले नाते मला फार मोलाचे वाटते. दोन्हीकडे द्रव्य सरकते ते गुरुत्वाकर्षणाने, आणि मोजायचा असतो तो वेळ. म्हणून दोन्हीकडे उत्तर म्हणून श्यानता आणि घनता यांचे गुणोत्तरच थेट हाती येते. फरक फक्त सेकंदांचा आणि सहस्रकांचा.

उलट टोकाला द्रवरूप हेलियम आहे. साधारण ०.०२ सेंटिस्टोक्स, पाण्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका. चौरस मीटर प्रति सेकंदात लिहायचे तर दशांशचिन्हापुढे सात शून्ये आणि मग दोन. हॅस्केलच्या आकड्यापासून इथवर पंचवीस दशकी पायऱ्या होतात. उणे २७१ अंशांच्याही खाली हेलियम अतिबारीक फटींतून जवळजवळ विनाघर्षण वाहतो. हे १९३८ मध्ये मॉस्कोत कापित्सा आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिसेनर यांनी दाखवले.

कारखान्यांत हे एकक रुळले ते १९७५ च्या आंतरराष्ट्रीय मानकानंतर. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये ‘६८ नंबर’ हायड्रॉलिक तेल मागवतात. तो ६८ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ६८ सेंटिस्टोक्स, दहा टक्के इकडेतिकडे. अमेरिकी माहितीपत्रकांत मात्र त्याच्या शेजारी सेबोल्टचे सेकंद अजूनही दिसतात, तेही बहुधा १०० अंश फॅरनहाइटचे, म्हणजे ३७.८ सेल्सिअसचे. दोन्ही आकडे पडताळायचे असतील तर कोष्टक उघडण्याआधी तापमान जुळवून घ्यावे लागते.