चिप तीच, मग काम का अडतं?

ॲपलने २०२० साली मॅकबुक एअरमध्ये एम१ चिप बसवली आणि २०२१ मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये आणली. ताकद सारखीच, मग टॅबलेटवर काम का अडतं? अडवते ती ऑपरेटिंग सिस्टिम. बॅटरी आणि मेमरी वाचवण्यासाठी ती पडद्याआड गेलेलं ॲप लवकरच गोठवते. मोठा व्हिडिओ अपलोडला लावून तुम्ही मेल उघडलात, की अपलोड मध्येच थांबू शकतं. लॅपटॉपवर ते मागे चालू राहतं. लिखाणाला मात्र ब्लूटूथ कीबोर्ड जोडलेला टॅबलेट मला पुरेसा वाटतो, आणि कागदपत्रं स्कॅन करायला तर फोनच सरस! सॅमसंगचे काही महागडे फोन २०१७ पासून मॉनिटरला जोडता येतात. त्यांतल्या ‘डेक्स’ या सोयीमुळे मॉनिटरच्या पडद्यावर संगणकासारख्या खिडक्या उघडतात. फोन घेताना एवढं विचाराच: यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातं का? स्वस्त फोनांत ही सोय बहुधा नसते.