लहान मुलांना शौचाची सवय

मूल दोन वर्षांचे झाले की घरोघरी एक तक्रार ऐकू येते : “अजून चड्डीतच करतो!” शेजारचे मूल लवकर सांगू लागले असेल, तर आईची काळजी वाढते आणि कधी हातही उगारला जातो. आम्हां शिक्षकांना पालकांस एवढेच सांगावयाचे आहे की, ही सवय धाकाने लागत नाही.

तान्ह्याला दोन्ही पावलांवर बसवून ‘शू शू’ करण्याची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. पण लागलेली शी-शू थोडा वेळ धरून ठेवणे व आधी सांगणे ही शक्ती बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. कपडे दोन-दोन तास कोरडे राहणे, उकिडवे बसता येणे, चड्डी खाली ओढता येणे, या तिच्या खुणा होत. पोटात अन्न गेले की आतड्यांस चालना मिळते; म्हणून जेवणानंतर पाच मिनिटे बसवावे. झाली तर शाबासकी द्यावी, न झाली तर मुकाट्याने उठवावे. रात्रीचा ताबा उशिरा येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले झाले तरी तो मुलाचा दोष नव्हे.

मार बसला की मूल शी दाबून धरते. मळ आत राहून खडा होतो, करताना दुखते, म्हणून मूल पुन्हा दाबते. अशा वेळी पाणी, फळे, भाजी द्यावी. त्रास टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरी मराठी, उर्दू वा गोंडी आणि अंगणवाडीत तेलुगू, असे पुष्कळ मुलांचे असते. मुलाचा शब्द बाईंना कळला नाही, तर चड्डी ओली होते आणि बोल मुलाला लागतो. यासाठी घरचा शब्द पहिल्याच दिवशी बाईंना सांगून ठेवावा.

२०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत अनेक घरी शौचकूप झाले. तरीही मुलाची शी उकिरड्यावर टाकणारी घरे आहेत. लहानाची शी निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. तिच्यातूनही हगवण पसरते. ती शौचकूपातच टाकावी व साबणाने हात धुवावेत. मोठ्यांच्या भांड्यावर मूल भिते. प्रथम दार उघडे ठेवून त्याचा हात धरावा.

सभासद बंधुभगिनींनी एवढा धीर धरला, तर त्यांचे मूल शाळेत निर्भयपणे हात वर करून सांगेल, ही आमची खात्री आहे.