टीबीची गोळी आणि व्यापार करार: आपला काय संबंध?

मी गडचांदूरहून बोलतोय. इअरफोन जवळ नसेल त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय.

व्यापार करार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोबाईल, गाड्या, फार तर सोयाबीनचा भाव. पण याच करारांत एक प्रकरण पेटंटचं असतं, आणि ते थेट आपल्या औषधापर्यंत पोचतं. टीबीचंच उदाहरण घेऊ. आपला भाग सिमेंटचा, खाणींचा. सिलिका असलेली धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की टीबीचा धोका वाढतो.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी दवाखान्यात टीबीचं औषध फुकट मिळतं, मग पेटंटचं काय घेऊन बसलात? अहो, आपल्याला फुकट असलं तरी सरकारला ते विकतच घ्यावं लागतं. औषध महाग असेल, तर तेवढ्याच पैशात कमी रुग्णांना मिळतं.

आधी थोडा इतिहास

१९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. म्हणजे दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मोकळीक. त्यातूनच आपल्या कंपन्या स्वस्त औषधं बनवू लागल्या. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तिच्यासोबत ट्रिप्स करार आला. अट अशी, की औषधालाही २० वर्षांचं पेटंट द्यायचं. भारताने २००५ मध्ये कायदा बदलला.

पण बदलताना दोन गोष्टी राखल्या. एक, कलम ३(ड): जुन्याच औषधाचं नवं रूप आणलं आणि त्याचा गुण वाढला नसेल, तर नवं पेटंट नाही. दुसरी, पेटंट मिळण्याआधी कुणीही त्याला विरोध करू शकतो. कुणीही म्हणजे अगदी रुग्णसुद्धा.

दोघींनी केलेला विरोध

साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन नावाची गोळी आहे. त्याआधी अशा रुग्णांना महिनोन् महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्यातल्या काहींमुळे कानच जात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघी टीबीतून वाचल्या, पण उपचारांत दोघींचं ऐकणं गेलं.

बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या क्षार रूपावर आणखी एक पेटंट मागितलं. ते मिळालं असतं, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत चालली असती. या दोघींनी २०१९ मध्ये विरोध नोंदवला. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मूळ पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांना गोळी बनवता आली, आणि त्याच वर्षी जागतिक खरेदीत तिची किंमत निम्म्याच्या आसपास उतरली.

म्हणजे कायद्यातल्या एका ओळीने चार वर्षं वाचवली. टीबीच्या रुग्णाला चार वर्षं म्हणजे किती, ते वेगळं सांगायला नको.

मग आता काळजी कसली?

काळजी नव्या करारांची. श्रीमंत देश ट्रिप्सच्याही पुढचं मागतात. त्यातली मोठी मागणी म्हणजे चाचण्यांच्या माहितीवर मक्तेदारी. पहिली कंपनी माणसांवर चाचण्या करून औषध सुरक्षित असल्याचं दाखवते. स्वस्त औषध बनवणारी कंपनी त्याच माहितीच्या आधारे परवाना घेते. ही माहिती काही वर्षं वापरूच दिली नाही, तर पेटंट नसलं तरी स्वस्त औषध अडकून पडतं. कारण सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या म्हणजे खर्च आणि वेळ, दोन्ही आले.

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन यांच्याशी भारताने १० मार्च २०२४ ला करार केला. त्याच्या वाटाघाटींत ही मागणी होती, भारताने ती मान्य केली नाही. हे चांगलंच झालं. पण त्याच महिन्यात आपले पेटंट नियम बदलले, आणि आधी विनाशुल्क असलेल्या त्या विरोधाला आता फी लागते. दार बंद झालेलं नाही, पण उंबरठा वाढलाय.

म्हणून पुढच्या वेळी करार झाल्याची बातमी मोबाईलवर आली, की गाड्या किती स्वस्त होणार एवढंच बघू नका. पेटंटच्या प्रकरणात काय लिहिलंय, तेही विचारा. तुमच्या आमदार-खासदारांनाही विचारा.

आणि हो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!