मोरस साखरेचे बेट

आपल्याकडील जुन्या घरांत पांढऱ्या साखरेस ‘मोरस’ म्हणत. हा शब्द ‘मॉरिशस’ ह्या नावावरून आला, हे आज कित्येकांस ठाऊक नसेल. ती साखर पिकविणारांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

मॉरिशस हे हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस असलेले एक लहानसे बेट होय. नवलाची गोष्ट ही की, ह्या भूमीस मूळचे रहिवासी असे कोणीच नाहीत. १५९८ साली डच लोक तेथे उतरले व आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचे नाव त्यांनी बेटास दिले, तेव्हा तेथे मनुष्यवस्ती नव्हती. उडता न येणारा डोडो पक्षी मात्र होता. तो शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. १७१० साली डच निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी बेट घेतले आणि १८१० साली ते इंग्रजांच्या हाती पडले.

फ्रेंचांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून गुलाम आणून मळे कसविले. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. परंतु मळ्यांस माणसे हवीच होती. त्याची तजवीज आधीच सुरू झाली होती. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरी उतरले. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये वेतन, आणि एका दिवसाचा खाडा झाल्यास दोन दिवसांची मजुरी कापावयाची, अशी पुढे तेथील रीत झाली. अशा रीतीने साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या बेटावर गेली.

त्यांत रत्नागिरीकडील शेतकरी कुटुंबेही होती. समुद्रगमनास प्रायश्चित्त कोणते, ह्याचा खल आमचे विद्वान करीत होते, त्याच शतकात ही माणसे पोटासाठी मुकाट्याने समुद्र ओलांडून गेली. त्यांस प्रायश्चित्ताचे कोणी विचारले नाही. कारण पुष्कळसे परतलेच नाहीत.

१९६८ साली ते राष्ट्र स्वतंत्र झाले. आज तेथील मराठी घरांत बोलणे बहुधा क्रिओल भाषेत चालते. तरी शाळांतून मराठी शिकविली जाते, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणची जाखडी तेथे ‘झाकरी’ होऊन नाचते. बंदरावरील ‘आप्रवासी घाटा’च्या १६ पायऱ्या २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जतन केल्या आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यांवरून पूर्वजांचे गाव शोधीत त्यांचे वंशज इकडे येतात.

त्यांच्या वहीत आमचे गाव लिहिलेले आहे. आमच्या गावाच्या स्मरणात मात्र ती माणसे नाहीत. साखरेचे नाव आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जपले, ऊस तोडणारांचे विसरलो. असा पाहुणा दारी आलाच, तर त्यास परका म्हणू नये, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.